सुपात घेतलेले लेकरू

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते मंठ्याच्या चंद्राकाकूचे. माझ्याआधी आईची तीन मुले दगावली होती. म्हणून जन्मल्याबरोबर मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवले, आणि शेजारच्या निपुत्रिक, विधवा चंद्राकाकूने ओंजळभर ज्वारी देऊन मला उचलले. असे परक्याचे केलेले मूल जगते, ही आमच्याकडची समजूत. विधीपुरता परका होऊन मी घरी परत गेलो. पण दोन वर्षांत आईवडील दोघेही वारले आणि काकूने मला खरोखरच पदरात घेतले.

मात्र तिने मला कधी 'आई' म्हणू दिले नाही. "वांझेला आई म्हटलं की लेकराचं आयुष्य तुटतं," असे गल्लीतल्या बायका म्हणत. एरवी काकू त्यांना पुरून उरायची, एवढ्यालाच भ्यायची. "काकूच म्हण राजा. तू जग, मला तेवढं बस झालं."

पुढे हैदराबादेला कॉलेजात असताना मला मुदतीचा ताप आला. खोलीतला सोबती भिऊन निघून गेला. पाण्याचे भांडे उशाशीच होते, पण हात पोचत नव्हता. ऐकणारे कोणी आहे असे वाटेना, म्हणून देवाचे नाव घेणेही मी सोडले. एका दुपारी कोणीतरी माझे डोके मांडीवर घेऊन ओठांना पाणी लावले. खालच्या खोलीत विड्या वळणारी ती म्हातारी होती. मी तिच्याशी कधी बोललोही नव्हतो. ताप उतरेपर्यंत ती रोज वर येऊन पेज पाजत राहिली. बरा झाल्यावर मी विचारले, तर म्हणाली, "'आई आई' पुकार रहा था तू. मेरा बच्चा बी परमुलूक में है, बाबा. उसकू बी कोई पानी पिलाती हुइंगी."

सुटीत मंठ्याला आलो. आजाराचे मी कळवलेच नव्हते. जेवताना काकूने एक भाकरी बाजूला काढली. कोणाची, म्हणून मी विचारले.

"दारी येईल त्या वाटसराची. तू गेल्तास तवापासून ठेवते. हितं मी कुणाच्या लेकराला दिली, तर तिकडं माझ्या लेकराला कुणी देईलच की न्हाई? परवा एक गोसावी दोन खाऊन वर मिठाला नावं ठेवून गेला."

ती हसत होती. मला हैदराबादेची ती विड्या वळणारी म्हातारी आठवली. याला काय म्हणावे, मला ठाऊक नाही. आपला हात पोचत नाही तिथे देव कोणाचा तरी हात पाठवतो, आणि आपण फक्त आपल्या दारचे करायचे, हे तिला न शिकताच उमगले होते. तोंडाशी आलेला 'आई' हा शब्द त्या दिवशी मी गिळला.

काकूला वाचता येत नसे. माझे पत्र शाळेतले गुरुजी ओट्यावर वाचत, तेव्हा सारी गल्ली गोळा होई. बी. ए. झालो त्या दिवशी मी लिहिले:

"तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी पास झालो. मागे तापात मी मरणाच्या दारी होतो, हे तुला सांगितले नव्हते. शुद्ध नव्हती तेव्हा मी तुला आईच म्हणत होतो, आणि तरी जगलो. आता भिऊ नकोस. गुरुजींना विनंती, बायका जमल्या असतील तर वरचा मायना पुन्हा एकदा मोठ्याने वाचावा."