पुरुषाच्या नावाचा गाळा

पनवेलच्या सुक्या मासळीच्या बाजारात ठमाबाई कोळणीला तोड नव्हती. बोंबील हातात घेऊन मोडला की तो किती उन्हं खाल्लेला आहे ते ती सांगायची, आणि कोणी घासाघीस केली तर त्याच्या सात पिढ्यांची खबर घ्यायची. नवरा बुधाजी होडी घेऊन दर्यावर जायचा, पण मासळी किनाऱ्याला लागली की त्याचं काम संपलं. कोळ्यांत रीतच तशी. धरायची पुरुषांनी, विकायची बायकांनी. बुधाजीला कोणी बोंबलाचा भाव विचारला तर तो बिचारा आभाळाकडे बघायचा.

फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले. त्यातली ईसरीबाई, ऐन तिशीत विधवा झालेली, कल्याणच्या छावणीतून पनवेलला आली आणि ठमाबाईच्या शेजारी पापड मांडून बसली. हळूहळू तिने पापडांसोबत सुकटही ठेवली. निवडलेली, वाळू झटकलेली, कागदाच्या पुड्यांत बांधलेली. बामणआळीतल्या बायका पापडाला म्हणून यायच्या, आणि हळूच एक पुडी पदराखाली घेऊन जायच्या. ठमाबाईच्या पोटात दुखायला लागलं.

चोपन्न साली पक्का बाजार उभा राहिला. गाळे मोजून आठ. ईसरीबाईने अर्ज केल्याचं कळलं, तशी ठमाबाई दहा कोळणी घेऊन बाजाराच्या पंचांपुढे उभी राहिली.

"आमी हितल्या. ती परमुलखाची. तिच्या मागं बापय मानूस नाय. उद्या पलाली त तुमी कोनाला धराल?"

पंचांना आयतंच कोलीत मिळालं. या तोंडाळ बायकांशी वर्षानुवर्षं वाद घालण्यापेक्षा त्यांच्या नवऱ्यांशी बोलणं केव्हाही सोपं. त्यांनी तिथल्या तिथे ठराव केला, की गाळा पुरुषाच्याच नावावर मिळेल. एकाही कोळणीने हूं का चूं केलं नाही. बुधाजीने जाऊन अंगठा उठवला, आणि ज्या बाजारात तो कधी बसला नव्हता तिथल्या गाळ्याचा मालक झाला.

ईसरीबाईने सामान बांधलं. जाताना एवढंच म्हणाली, "मर्द तो मेरा भी था, ठमाबाई."  त्या दिवशी ठमाबाई गिऱ्हाइकांना मूठभर सुकट जास्त घालत होती.

एकसष्टात बुधाजी काविळीने गेला. पदरी दोन मुली, त्याही सासरी. तेराव्यानंतर ठमाबाई पंचांकडे गेली तेव्हा त्यांनी ठरावाचा कागदच पुढे केला. म्हणाले, "बाई, मागणी तुमचीच होती." मग करंजाहून धाकटा दीर दादू आला आणि गाळा त्याच्या नावावर चढला. वर्षभर त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर्षानंतर मुंबईचा एक व्यापारी गाडीभर गोणी घेऊन आला आणि ठमाबाईच्या टोपल्या उचलून बाहेर ठेवू लागला. दादूने गाळा त्याला देऊन टाकला होता.

ती तशीच करंजाला गेली. दादू जाळं विणत बसला होता.

"मी थय काय करू, वयनी? तागडी धरू? मी काय बायको मानूस हाय?" तो म्हणाला. "नाव माजं हाय, मी दिला. तुजं वय झालं, आता घरान बस."

घरात बसून खायचं काय, हे त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गाळ्यागाळ्याने फिरली. सगळ्यांनी मिळून पंचांकडे जावं, ठराव मोडून घ्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्याच जुन्या मैत्रिणी. कोणी तागडी पुसू लागली, कोणी गिऱ्हाइकाला उगाच हाक मारू लागली. शेवटी हौसा बोलली. हौसा तिच्याबरोबरच वाढलेली, तिला कधी लपवून बोलता आलं नाही.

"आमचं दादलं जितं हायती, ठमे. आमी कशाला जावाचा?"

ठमाबाईला तिचा राग आला नाही. हौसाच्या जागी ती असती तर तिनेही हेच उत्तर दिलं असतं, आणि तेच तिला जिव्हारी लागलं.