माफीनामा, दोघांकडूनही

शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून एकोणीस वर्षं काढली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी टेबलापर्यंत चालत येतात, कधी पालकांचा हात धरून, कधी नाकातून रक्त गळत. संध्याकाळी आमच्या गल्लीत आम्ही चौघीजणी पायरीवर बसतो. मैत्रिणी विचारतात, "मग, आज काय नवीन शाळेत?" आधी मी रंगवून सांगायचे आणि सगळ्या पोट धरून हसायच्या. हल्ली सांगता सांगता माझंच डोकं तापतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच, हे मला फार उशिरा कळलं. तरी सांगते. हसू आलं तर हसा, नंतर मला बोल लावू नका.

*

सुरुवात माझ्यापासूनच करते, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.

आठवी ते दहावीच्या पोरांनी मारामारी केली की मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, त्यांना माझ्याकडे पाठवून माफीनामा लिहून घ्यायचे. एकेक पोरगं तासभर पेन चावत बसायचं. शेवटी सर वैतागले. "मॅडम, एक फॉरमॅट करून टाका. रिकाम्या जागा भरल्या की विषय संपला!"

मी केला. 'आज माझ्याकडून' असं लिहून पुढं रिकामी जागा, मग 'ही चूक झाली. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. पुन्हा अशी चूक करणार नाही.' खाली नाव, इयत्ता, सही, पालकांची सही. शंभर झेरॉक्स काढून ठेवल्या. काय सुबक झाला होता! दुसऱ्या एका शाळेच्या क्लार्कनं व्हॉट्सॲपवर मागून घेतला, तेव्हा मी दिवसभर फुगून फिरत होते.

एकच प्रश्न विचारला होता मी. "सर, हा मारणाऱ्यानं भरायचा ना?"

"दोघांनी!" सर म्हणाले. "एकाकडूनच घेतला तर त्याचे पालक भांडायला येतात. आणि चूक दोघांची असतेच की!"

*

नववी ब मध्ये सिद्धाराम नावाचा मुलगा. मंद्रूप गावाहून एसटीनं यायचा. घरी शेती, घरात बोलणं कन्नड. ॲडमिशनच्या वेळी त्याचे वडील मला म्हणाले होते, "मॅडम, शाळा गावात बी हाय. पर शहरात शिकलं की पोरगं चार मान्सांत बोलाया लागतंय. दहावी हितंच करायची त्याची." पोरगं मुळातच बोलकं होतं. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभं राहून "कुटं बसू, सर?" म्हणालं आणि सगळा वर्ग खिदळला. त्या दिवसापासून विराज आणि त्याचे दोन दोस्त त्याला 'ए कुटं' अशीच हाक मारायला लागले. महिनाभरात मारायलाही लागले. हा विराज म्हणजे आमच्या संस्थेच्या कमिटीवरच्या एका साहेबांचा पुतण्या. एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळलं असेल.

पहिल्यांदा दोघं माझ्यासमोर आले तेव्हा विराजनं उभ्या उभ्या फॉर्म भरून टाकला. सिद्धाराम रिकाम्या जागेपाशी अडकला. "मॅडम, हितं काय लिहू? मी काय केलंच न्हाय की."

आणि मी काय म्हणाले? "अरे लिही काहीतरी, सर वाट बघतायत!"

त्यानं विराजच्या कागदाकडं बघून 'भांडण' लिहिलं. अक्षर मोत्यासारखं हो पोराचं!

तिसऱ्या खेपेला विराज एकटाच आला. अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, पाच-सहा फॉर्म देऊन ठेवा की. दरवेळी जिना चढून यायचा लई कंटाळा येतो."

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितला. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

*

डब्याच्या सुट्टीत या तिघांचा खेळ म्हणजे सिद्धारामची कडक भाकरी. डब्यातून काढायची आणि मैदानभर तबकडीसारखी एकमेकांकडे फेकायची. मधे हा धावतोय, इकडून तिकडं, तिकडून इकडं. आईनं पहाटे उठून थापलेली भाकरी ती! माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं. एक दिवस राहवलं नाही, पीटीच्या सरांना हाताला धरून खिडकीशी आणलं. "बघा की जरा, काय चाललंय!"

त्यांनी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नीट बघितलं. मग म्हणाले, "विराजचा थ्रो चांगला आहे हो! थाळीफेकीला पाठवू याला."

आणि खरंच पाठवला!

*

मुली काही मागं नाहीत. त्या हात उचलत नाहीत एवढंच.

दहावीत लावण्या म्हणून मुलगी आहे. वर्गातल्या मुलींनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात ही सोडून सगळ्या. ग्रुपचं नाव काय, तर 'एक सोडून सगळ्या'! दिवसभर तिच्यावर तिथं काय काय लिहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली की एकदम गप्प व्हायच्या. लावण्यानं डबा खायचं सोडलं, मग शाळेत यायचं सोडलं. आई रडत आली तेव्हा वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "एवढंच ना? आत्ता सोडवते!" त्यांनी मुलींना समोर उभं केलं, आधी स्वतःला ग्रुपमध्ये ॲड करून घेतलं, मग लावण्याला. वर 'वेलकम लावण्या' लिहून फुलं पण पाठवली.

संध्याकाळपर्यंत एकेक करत सगळ्या मुली ग्रुपमधून बाहेर पडल्या. आता त्यात दोघीच आहेत, लावण्या आणि बाई. बाई रोज सकाळी तिला गुड मॉर्निंग पाठवतात!

*

सायकल स्टँडच्या मागं विराज आणि त्याच्या दोन दोस्तांनी सिद्धारामला गुडघ्यावर बसवून मारलं, आणि चौथ्यानं व्हिडिओ काढला. शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे बरं का! तरी तो व्हिडिओ दोन तासांत माझ्या भाच्यापर्यंत पोचला, आणि तो दुसऱ्याच शाळेत शिकतो. मी तो मोठ्या सरांना नेऊन दाखवला. म्हटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. डोळ्यांनी दिसतंय, आवाज ऐकू येतोय, 'बोल, कुटं बसू म्हण' असं ओरडतायत, आणखी काय पुरावा पाहिजे?

सरांनी एकदा बघितला. दुसऱ्यांदा बघितला. तिसऱ्यांदा बघताना खुर्चीतून उठलेच. "मॅडम, थांबवा, थांबवा! हे फारच गंभीर आहे!"

मला वाटलं, चला, सुटलं पोरगं.

"मागं शाळेचा बोर्ड दिसतोय!" सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा बोर्ड काढून आत नेला. माफीनामे घेतले, अर्थातच दोन्ही बाजूंकडून.

*

मग वरून पत्र आलं की प्रत्येक शाळेत तक्रारपेटी हवी. आम्ही लगेच आणली. लाल रंगाची, छान कुलूप लावलेली. लावली कुठं, तर नोटीस बोर्डाशेजारी, जिथं मधल्या सुट्टीत विराजचा अख्खा दरबार भरतो! मी म्हटलं, "सर, तिथं कोण टाकणार?" तर म्हणाले, "तपासणीला आलेल्यांना पटकन दिसली पाहिजे."

सहा महिन्यांनी तपासणी ठरली, तेव्हा किल्ली शोधून पेटी उघडली. चिप्सची पाकिटं, पेरूचा वाळलेला तुकडा, आणि एकच चिठ्ठी. सरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली.

"तक्रार लई मोठी हाय, पण विराज बाथरूमवरून यायच्या आत एवढंच लिहून होतंय."

सर म्हणाले, "नाव नाही लिहिलं. निनावी तक्रारीची दखल घेता येत नाही." चिठ्ठी फाईलला लावली. तपासणीत पेटीला पूर्ण मार्क मिळाले.

*

त्याच तपासणीसाठी 'मैत्री' या विषयावर पोस्टर स्पर्धा घेतली होती. पहिलं बक्षीस कुणाला? विराजला! पोस्टर होतंच तसं. दोन मुलं एका डब्यात जेवतायत, मागं चिंचेचं झाड, एसटी, डब्यातल्या शेंगाचटणीचा रंगसुद्धा हुबेहूब. पाहुणे म्हणाले, "मुलाचं मन किती हळवं आहे!"

प्रमाणपत्रावर नावं मी लिहिते. पोस्टर उलटं करून नाव बघायला गेले तर 'विराज' हे मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. सिद्धारामला बोलावून विचारलं, "तू काढलंस ना हे?"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, ह्या आठवड्यात मारणार न्हाय म्हणालाय. तुमी काय बोलू नका."

मी नाही बोलले. मुकाट्यानं प्रमाणपत्र लिहिलं, 'प्रथम क्रमांक' वगैरे. आणि आठवडा संपला.

*

मागच्या महिन्यात विराजनं गणिताची वही मागितली. सिद्धाराम पहिल्यांदाच नको म्हणाला. विराजनं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की डाव्या कानाचा पडदा फाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील त्याला घेऊन ऑफिसात आले. हातात दवाखान्याचा केसपेपर, पोराच्या कानात कापूस. मी काही विचारलं की तो मान वळवून उजवा कान पुढं करायचा. ते बघून मला पाणी प्यावं लागलं.

वडील एवढंच म्हणाले, "दाखला द्या. घिऊन जातो त्याला."

"अप्पा, ब्याड," सिद्धाराम त्यांची बाही ओढत म्हणाला. म्हणजे नको. मग मराठीत मला म्हणाला, "मॅडम, मला हितंच दहावी करायची हाय. तुमी सांगा की अप्पाला."

मी काय सांगू? इथंच थांब आणि दुसरा कानही दे, असं सांगू?

मोठे सर केबिनमधून लगबगीनं बाहेर आले. "अहो, असं तडकाफडकी नका करू. पोरं आहेत, भांडायचीच. आम्ही कारवाई केलीय. हे बघा, दोघांकडूनही माफीनामा घेतलाय!" आणि कालचे दोन कागद त्यांच्यापुढं ठेवले. कान दुखत असताना लिहून घेतला होता हो त्या लेकराकडून!

वडिलांनी दोन्ही कागद सावकाश, बोट फिरवत वाचले. दोन्हीत तेच. 'आज माझ्याकडून भांडण ही चूक झाली.' मग त्यांनी दोन्हींची खालची बाजू दुमडून नावं आत घातली, कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि सरांकडं सरकवले.

"सर, आता सांगा की. ह्यातला मारणारा कंचा, आन मार खाणारा कंचा?"

सर कागद सोडून माझ्याकडं बघायला लागले. फॉरमॅट माझाच होता ना! मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

शेवटी सर खाकरले. "ठीक आहे. तुमची इच्छाच असेल तर आम्ही अडवणार नाही. मॅडम, दाखला तयार करा." आणि चेहरा बघायला पाहिजे होता त्यांचा, सुटल्यासारखा! मार खाणारा गेला की भांडण मिटलं, विराज आहे तिथं आहे, साहेबही खूश. माझं डोकंच फिरलं.

मी जनरल रजिस्टर उघडलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, सगळं भरलं. मग आला रकाना, शाळा सोडण्याचे कारण. एकोणीस वर्षं तिथं मी डोळे मिटून 'पालकांची विनंती' लिहीत आलेय. या वेळी पेन थांबलं. वडिलांना विचारलं, "दादा, कारण काय लिहू?"

"जे झालं ते लिवा की. खोटं कशाला?"

"पुढच्या शाळेतले लोक वाचतील हो."

"वाचू द्या. माझ्या पोरानं काय चोरी केलीया व्हय?"

मी सिद्धारामकडं बघितलं. त्यानं उजवा कान पुढं करून सगळं ऐकलं होतं. त्यानं मान हलवली.

मी शाईच्या पेननं आधी रजिस्टरला लिहिलं, मग दाखल्यावर. 'वर्गातील विद्यार्थ्याने वारंवार मारहाण केली. कानाचा पडदा फाटला. शाळेने मारणाऱ्यावर कारवाई केली नाही.' रकान्यात मावेना, तर बारीक अक्षरात लिहिलं, पण सगळं लिहिलं. शिक्का मारला आणि सरांपुढं सहीला ठेवला.

सरांनी पेनचं टोपण काढलं. सवयीनं सही करायला गेले आणि मधेच थांबले. वाचलं. कानापर्यंत लाल झाले. "मॅडम, हे काय लिहून ठेवलंय? आधी खोडा ते!"

"खोडता येत नाही, सर," मी म्हणाले. "दाखल्यावर खाडाखोड चालत नाही. खाली छापलंय बघा, तुमच्या सहीच्या जागेशेजारीच."