झालेल्याचे आभार

ऐंशी सालच्या आसपास आम्ही जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे माझं काम तयार भागांची मापं तपासायचं. भाग ठरलेल्या मर्यादेत असला तर पास, नसला तर बाजूला. त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत मीच मर्यादेबाहेर निघालो. रक्तदाब वरचा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि महिन्याने परत बोलावलं.

"तेव्हाही इतकाच असला, तर तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही हे वर विचारावं लागेल," ते म्हणाले.

नोकरी गेली की क्वार्टर जाणार, मुलींची शाळा जाणार. बसमध्ये बसल्या बसल्या मी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजू लागलो. मोजली की ती वाढायची.

त्याच सुमारास सासूबाई गुडघ्याच्या औषधासाठी पवनीहून आल्या. त्यांचं घर वैनगंगेत मासे धरणाऱ्यांचं. दिवेलागणीला त्या दारात बसत आणि हळू आवाजात बोलत, "आज गुडघा वाकला. चहा मनासारखा झाला. बरं झालं, माय." ही माय म्हणजे नदी. आमच्याकडे नदी नव्हती, म्हणून त्या अंगणातल्या नळाकडे तोंड करत. बोलून झालं की त्यांचा चेहरा निवांत दिसे.

मला वाटलं, आपणही रोज संध्याकाळी असं करून बघावं. मी व्यवस्थित क्रम लावला. डोळे चांगले आहेत. मुली धडधाकट आहेत. नोकरी आहे. डोक्यावर छप्पर आहे. पण प्रत्येक गोष्टीचे आभार मानले की मागोमाग मन विचारी, कधीपर्यंत? आठवड्याभरात संध्याकाळ नको वाटायला लागली.

जावयाशी थेट बोलायची सासूबाईंकडे रीत नव्हती. मी समोर बसलेलो असलो तरी त्या बायकोशीच बोलत.

"तुह्या घरवाल्याले इचार बाई, सांजेले काय पुटपुटून राहिले? घाम फुटते त्याइले."

"अवो, माय विचारून राहिली," बायको म्हणाली, जणू मला ऐकूच आलं नव्हतं.

मी माझा क्रम सांगितला. सासूबाईंनी पदर पुढे ओढला.

"ही तं राखणदारी झाली. सामान हाय का नाही, हे घडीघडी पाहाचं. आमी जाळं धुतल्यावर नदीले बोलतो. टोपल्यात आलं तेवढ्याचंच नाव घेतो. पाण्यात अजून काय हाय, थे आमाले का मालूम?"

"मंग नोकरीचं यायनं काय म्हणाव?" बायकोने विचारलं.

"आज कामावर गेले, घरी आले. झालं थे. थे आता कोण वापस नेते?" मग त्या म्हणाल्या, "अन् थे लोनच्याची बरनी उचलून ठेव. गोळी खाऊन राहिले अन् वरून फोड चाटून राहिले."

बायको हसली. मी नाही.

पण त्या संध्याकाळपासून मी 'आहे' हा शब्द सोडला. भाजीत वांगं कोवळं निघालं. धाकटीने पाढा न अडखळता म्हटला. बसमध्ये खिडकी मिळाली. एवढ्याशा गोष्टी. मन पुढे धावायचंच, पण या गोष्टींपुढे 'कधीपर्यंत' जोडता येत नव्हतं. त्या होऊन गेलेल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मी पाऱ्याकडे बघितलं नाही.

"एकशे छप्पन्न, शंभर," ते म्हणाले. "उतरलाय, पण पुरेसा नाही. कामावर या. पुढच्या महिन्यात परत बघू."

यात गोळीचा वाटा किती, लोणचं बंद केल्याचा किती आणि संध्याकाळच्या बोलण्याचा किती, हे मला वेगळं काढता आलं नाही. आजही येत नाही.

घरी आलो. बायकोने आकडे विचारले, सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. संध्याकाळी दारात बसलो.

"आज डॉक्टरकडे गेलो. हात पुढे केला. परत आलो," मी म्हणालो.

पुढचा महिना अगदी ओठांवर आला होता. तो मी बोललो नाही.