कुंदाची सतरंजी

फोन दुपारी सव्वाबाराला आला. अनोळखी नंबर. "भैया, आपकी बहन बरगी में गिर गई हैं, जल्दी आ जाइए..." पुढचं मी ऐकलंच नाही. असे फोन करून लोकांना कसं लुबाडतात, हे मी रोज पेपरात वाचतो. "अच्छा, कौन-सी बहन?" असं खवचटपणे विचारून फोन कापला आणि नंबर ब्लॉक करून टाकला. अर्ध्या तासाने भाच्याचा फोन आला, तेव्हा कुंदा गेली होती. मेंदूत रक्तस्राव. लगेच निघाला असतात तरी भेट झाली नसती, असं डॉक्टर म्हणाले. आज पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी ते माझी समजूत काढायला म्हटलं असावं, असं मला अजून वाटतं.

संशय हा माझा धंदाच होता. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं मी गेटवर उभा राहिलो. पाळी संपवून निघालेल्या प्रत्येकाची पिशवी, डबा उघडून बघायचो. माझी ही धाकटी बहीण मात्र लोकांच्या घरी जाऊन नुसती बसायची आणि त्याला काम म्हणायची. तान्ह्या बाळांचं मन सांभाळणं हे तिचं काम. बाळंतपणानंतर गप्प झालेल्या आया, कोणाकडे न बघणारी लेकरं... मी चिडवायचो, "पाच महिन्याच्या पोराले कोणतं टेन्शन असते गं?" ती म्हणायची, "त्याले सांगता येत नाही, म्हणून तं मले जा लागते, दादा." मला वाटायचं, सरकार कशाकशाचा पगार देईल याचा नेम नाही.

मग वेळ आमच्याच घरावर आली. माझा नातू अंशुल पाच महिन्यांचा झाला तरी आईकडे बघेना. सून प्रणाली दिवसभर मान खाली घालून कामं उरकायची, बाळ रडलं की मीच धावायचो. मुलाने मला न विचारता आत्याला बोलावलं. दर मंगळवारी कुंदा मदन महल भागातल्या आमच्या घरी यायची, स्वतःची हिरवी सतरंजी जमिनीवर अंथरायची आणि तासभर बसायची. बाळाला हात लावायची नाही, सुनेला उपदेश करायची नाही. जाताना पायरीवर बसून वहीत काहीतरी लिहायची. ते लिहिणं मला खुपायचं. ही आपल्या सुनेला वेडी ठरवणार, उद्या ते कागद दवाखान्यात जाणार, नातेवाइकांत बोभाटा होणार... मला झोप लागेना.

चौथ्या मंगळवारी ती हात धुवायला गेली आणि मी तिची बॅग उघडली. खरं तर उघडावी लागलीच नाही, चेन उघडीच होती. कोरी करकरीत वही, पहिल्या पानावर फक्त आमच्या घराबद्दल तीन ओळी. बाळ रडले. आईचा हात पुढे आला. आजोबा आधी पोचले. तारीख बदलून पुन्हा त्याच तीन ओळी, आणि त्याखाली पुन्हा त्याच.

अंगाचा तिळपापड झाला. ती येताच वही तिच्यापुढे धरली. "माही तक्रार लिहून राहिली का तू? मी काहून नाही उचलायचं? माहा नातू आहे."

"तक्रार नाही, दादा. जे दिसलं ते लिहिलं." ती जराही चिडली नाही. "तिचा हात दर वेळी रिकामा परत जाते. आता तं ती हात पुढे करणंच सोडून राहिली."

पुढच्या मंगळवारी तिने मला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. अंशुल रडायला लागला. मी उठणार, तोच ती हळूच म्हणाली, "बस. उशीर झाला तरी तिले पोहचू दे." प्रणाली दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मी उठतो का म्हणून... बाळाचा चेहरा लाल झाला. इतका वेळ मी गेटवरही कधी कोणाला थांबवलं नसेल. शेवटी ती आली, तिने त्याला उचललं आणि पुटपुटली, "मी आहे ना रे." तो लगेच काही शांत झाला नाही. पण रडता रडता त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं.

दुसऱ्याच्या घरची एक ओळसुद्धा कुंदाने कधी कोणाला दाखवली नव्हती. इतकी जपून वागणारी बाई बॅग उघडी टाकून जाईल? तेही माझ्यासमोर? तिने ते मुद्दाम केलं असा माझा पक्का संशय आहे. विचारायचं राहून गेलं.

सतरंजी ती आमच्याकडेच ठेवून गेली. या मंगळवारी मी ती अंथरून बसलो होतो. अंशुल आता भिंत धरून चालतो. तो धडपडला, भोकाड पसरलं. मी सतरंजीचा काठ मुठीत धरून बसून राहिलो. प्रणाली कणकेच्या हातांनी धावत आली आणि तो तिच्या गळ्यात पडला. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला. कर्ज हवं का म्हणून कोणी मुलगी विचारत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत मी सगळं ऐकून घेतलं.