मागच्या सीटवरचा मिस्त्री

लाखांदूरच्या रस्त्यावरचा एक मिस्त्री गाडीखाली जाण्याआधी मागच्या सीटवर बसतो, डोळे मिटतो आणि मालकालाच गाडी चालवायला लावतो. बघणाऱ्याला वाटावं, स्वारी ध्यानाला बसली आहे.

माझ्या गाडीतही तो तसाच बसला. खड्डे लागले आणि मागून खटखट सुरू झाली. डोळे न उघडता त्याने विचारलं, “मांगं कोन बसते?”

“आई.”

“मंग त्यायनं सांगतलं असन.”

आई सहा महिन्यांपासून सांगत होती. मी दर वेळी त्या आवाजाचा दोष तिच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यांवर ढकलत होतो.

“तुमी समोर बसता. तुमाले कायले ऐकू येईन?” असं म्हणून तो गाडीखाली शिरला.

वळणावर गाडी कलू नये म्हणून मागे असतात, त्या दोन्ही लिंक त्याने बदलल्या. जुन्या पेपरात गुंडाळून माझ्या हातात ठेवल्या. “ज्यायनं आवाज पयले ऐकला, त्यायलेच जुना पार्ट देतो मी. आईले द्या.”

घरी आईने एक लिंक कानाशी धरून हलवली. खटखट ऐकली आणि शांतपणे विचारलं, “मंग माह्या डब्यायले माफ केलं काय?”