लग्नसराईपुरती बंद केलेली गोळी

रजियाखाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, शाळेत नववीच्या वर्गावर होते. भाऊ म्हणाला, "खाला गेल्या. मेंदूत गुठळी अडकली म्हनतेत." मी तास पूर्ण केला... दुसरं काय करावं ते सुचलं नाही. आता महिना उलटलाय, म्हणून लिहिता येतंय.

डोंगरकड्याच्या बाजारात खालांचं बांगड्यांचं दुकान होतं. आमच्या तांड्यावरच्या आणि आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुलींचा हिरवा चुडा त्याच भरायच्या. मी बारावीत असताना माझं लग्न ठरलं आणि माझ्या वडिलांनी, बापूंनी, त्यांना बोलावणं धाडलं. खाला आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, लेकरू लहान हाय अजून. मी न्हाई भरत चुडा."

"तुमाला काहून पंचाईत? दुसरा कासार आनतो मी."

"आना की. त्यालेबी चहा पाजा. मी बसते इथंच."

बापू हसले आणि तिथेच गोष्ट ढिली पडली. खरं तर त्यांच्याही मनात ते लग्न नसावं. कुणीतरी अडवायला हवं होतं. आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळाली ती त्या दुपारमुळे.

काही वर्षांपूर्वी खालांना चालताना दम लागू लागला. मी त्यांना नांदेडला नेलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली आणि ती आता अरुंद होत चाललीय, असं डॉक्टरांनी समजावलं. रक्त पुढे नीट सरकत नाही, मागच्या कप्प्यात साचतं. साचलेल्या रक्ताची गुठळी होते, ती सुटून मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज, न चुकता. परतताना बसमध्ये खाला म्हणाल्या, "म्हंजे दिलाचा दरवाजा अटकून राहिला म्हन. सुनेला नको सांगू, ती म्हनंल बिजागरीला तेल घाला."

गोळीची तकलीफ वेगळीच होती. कापलं की रक्त लवकर थांबायचं नाही, आणि बांगड्या भरताना काच लागतेच. गेल्या वर्षी एका नवरीला चुडा भरताना एक बांगडी वाढली (आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत) आणि खालांच्या बोटातलं रक्त त्या हिरव्या चुड्यावर सांडलं. दाबून धरलं, हळद भरली, तरी थांबेना. अपशकुन नको म्हणून बायकांनी सगळा चुडा उतरवला. नवा चुडा मात्र नवरीच्या मावशीने भरला.

यंदा लग्नसराई सुरू होताच त्यांनी गोळी बंद केली. सून शबानाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लग्नं उरकली की घेते ना. नवरीच्या हातावर रगत सांडलं तर कोन बोलावतंय मला?" शबानाला वाटलं, डॉक्टरांना विचारलं असेल. पहिली काही लग्नं नीट पार पडली, खाला खुशीत होत्या. मग एका मांडवात नवरीचा डावा हात भरून झाला, उजवा हाती घेतला आणि खालांच्या बोटांतून बांगड्या निसटल्या. तोंड वाकडं झालं. काही सांगायला गेल्या, पण शब्द उमटेना... नांदेडच्या दवाखान्यात त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. डॉक्टरांनी शबानाला एवढंच विचारलं, गोळी थांबवण्याआधी आम्हाला का नाही विचारलं? मला वाटतं, खालांच्या लेखी तो प्रश्न औषधाचा नव्हताच.

गेल्या आठवड्यात दुकानात गेले. आता शबाना बसते तिथे. तांड्यावरच्या दोघी आल्या आणि सवयीने हात पुढे करून बसल्या.

"काकू, माप काय तुमचं?" शबानाने विचारलं.

"माप? ते तर खालालेच ठावं."

दुसरीलाही सांगता येईना. शबाना माझ्याकडे वळली, "ताई, तुमी शिकलेल्या. तुमाला तरी तुमचं माहीत आसंल?"

मलाही माहीत नव्हतं. मी हात पुढे केला.