अळ्या पिकल्याच नाहीत

कोषवाल्या काकूंच्या जिभेला हाड नव्हतं. पण शेडमध्ये रेशमाच्या अळ्या कात टाकायला बसल्या, की त्याच काकू नुसत्या खुणांनी बोलत. पाला बंद, रॅकला धक्का बंद. शेजारीण म्हणायची, "सुनेला तरी एवढं जपाल का हो?" सून अजून यायची होती. मुलगाच दोन नोकऱ्या अर्ध्यावर सोडून घरी परतला होता, आणि या खेपेला काकूंनी सगळी शेड त्याच्यावर सोपवली होती. तो इथे तरी टिकावा, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटची कात सुखरूप पडली. अळ्या बोटाएवढ्या झाल्या, मग त्याहून जाड. "आई, तुझ्या झाल्या होत्या का कधी अशा टपोऱ्या?" मुलगा खूश. काकू हसल्या, पण मनात पाल चुकचुकली. एव्हाना अळ्या पिकून, म्हणजे खाणं सोडून, धागा काढायला लागायला हव्या होत्या. या आपल्या खातच होत्या. कोष विणायच्या जाळ्या रिकाम्याच.

काकूंनी बोलावलेल्या रेशीम केंद्रातल्या बाईंनी एक अळी तळहातावर घेतली. "जवळपास डासांचं औषध मारलंय?"

"गटारात मारलं," मुलगा म्हणाला. "मग तोच पंप विसळून पाल्यावर पाणी मारलं. सुकू नये म्हणून."

बाईंनी सुस्कारा सोडला. "अळीच्या डोक्यात लहानपण टिकवणारं संप्रेरक असतं. ते आहे तोवर कितीही कात टाकली तरी अळी ती अळीच. शेवटी ते आटतं, मेंदू हुकूम सोडतो, कातीचं संप्रेरक सुटतं आणि ती कोष करते. तुमचं औषध त्या लहानपणाची नक्कल आहे. मोठं व्हायची वेळ झाली, हे यांना कळतच नाहीये. खात राहतील आणि मरतील. पुरून टाका."

बाई गेल्या. काकूंच्या तोंडाशी आलेल्या शिव्या मुलाचा चेहरा बघून जिरल्या.

"मी जातो परत," तो म्हणाला. "माझ्या हाताला यशच नाही."

काकूंचं काळीज तुटलं, आवाज मात्र चढलाच. "जा! अर्ध्यावर टाकून जायची सवयच आहे तुला. पण आधी पाला आण. ताजा, साध्या पाण्याने धुतलेला."

"मरणारच आहेत ना?"

"मरू देत. उपाशी नाही मरायच्या माझ्या घरात."

तो टोपली उचलून बाहेर पडला. तुतीच्या मळ्याकडे वळतो की रस्त्याकडे, हे बघायची काकूंना छाती झाली नाही. त्या आत जाऊन अळ्यांपाशी बसून राहिल्या.